आतड्यातला पहारा: शत्रू ओळखतात तरी कसा?

अस्तर
गेल्या महिन्यात पोटाने मला चांगलंच धरलं होतं. चार दिवस बिछाना ते संडास एवढाच प्रवास. पाचव्या दिवशी आपोआप उतार पडला. औषध म्हणाल तर मीठ-साखरेच्या पाण्यापलीकडे काही घेतलं नव्हतं, त्यामुळे डोक्यात किडा वळवळायला लागला. हे जंतू घालवले कुणी? आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे आतड्यात अब्जावधी जिवाणू आधीपासून सुखाने नांदत असताना त्यांना सोडून नेमके हेच कसे पकडले? जीवशास्त्राशी माझा संबंध पदवीपुरता. पुस्तकं उघडली, थोडे शोधनिबंध चाळले, जे कळलं ते मांडतोय. जाणकारांनी बिनधास्त चुका काढाव्यात.

आधी आतड्याची अडचण बघा. त्वचेला मेलेल्या पेशींचे थरावर थर रचून जाड चिलखत करता येतं. आतड्याला ती सोय नाही, कारण अन्न शोषायचं तर भिंत पातळच हवी. म्हणून अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं. अलीकडे जिवाणूंचा समुद्र, पलीकडे आपलं रक्त, मध्ये पेशींची एकेरी रांग. तीही कायमची नाही. साधारण तीन ते पाच दिवसांत जुन्या पेशी झडून सगळी रांग नवी होते.

पहिली सोय म्हणजे जंतूंना भिंतीपर्यंत पोचूच द्यायचं नाही. चषकासारख्या दिसणाऱ्या गॉब्लेट पेशी चिकट श्लेष्मा सोडत राहतात. मोठ्या आतड्यात त्याचे दोन थर असतात. बाहेरचा सैल, त्यात जिवाणू राहतात आणि तो खातातही. आतला इतका घट्ट की त्यात जवळपास कुणी शिरत नाही. हा श्लेष्मा ज्या प्रथिनाचा बनतो ते म्युक २. ते ज्यांच्यात मुळातच नाही अशा उंदरांना आपोआप मोठ्या आतड्याचा दाह होतो. रोगजंतू लागत नाहीत, घरचे जिवाणूच भिंतीला टेकतात आणि भांडण सुरू होतं. लहान आतड्यात श्लेष्मा विरळ असतो, तिथे पॅनेथ पेशी जिवाणूमारक रसायनं सोडून ती कसर भरून काढतात.

आता ओळखण्याकडे. जिवाणूंकडे असे काही भाग असतात जे आपल्या पेशींत कधीच नसतात: कवचाचे तुकडे, पोहायच्या शेपटीचं प्रथिन वगैरे. हे ठरावीक साचे ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) आपल्या पेशींवर असले पाहिजेत, असं चार्ल्स जेनवे यांनी १९८९ साली मांडलं. ते सापडले नव्वदच्या दशकात: ज्यूल्स हॉफमन यांना फळमाशीत टोल नावाचा, तर ब्रूस बॉयटलर यांना उंदरात टोल-सदृश ग्राहक (टीएलआर). दोघांना २०११चं नोबेल मिळालं.

पण इथेच माझी गाडी अडली. शेपटी तर निरुपद्रवी जिवाणूंनाही असते! मग त्यांच्यावर गदारोळ का होत नाही? उत्तर वाचलं आणि खुर्चीत सरळ बसलो. शेपटी ओळखणारा ग्राहक, टीएलआर ५, आतड्याच्या पेशीवर मुख्यतः खालच्या, म्हणजे शरीराकडच्या बाजूला असतो. आतड्याच्या पोकळीत कितीही शेपट्या वळवळोत, त्याला पत्ता नाही. जिवाणू रांग ओलांडून पलीकडे गेला की तो ओरडतो. दुसरा पहारा पेशीच्या पोटात आहे. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू सुईसारख्या यंत्राने आपली प्रथिनं पेशीत टोचतो. त्या सुईचे किंवा शेपटीचे भाग पेशीच्या आत दिसले की तिथले ग्राहक खवळतात, आणि लागण झालेली पेशीच रांगेतून उचलून पोकळीत फेकली जाते, जंतूसकट. शेजारच्या पेशी लगेच सरकून फट बुजवतात.

मला यातून जे कळलं ते असं: पहारेकरी चेहरा फारसा बघत नाहीत. तू कोणत्या जातीचा, यापेक्षा तू इथवर आलासच कसा, हा त्यांचा प्रश्न आहे. हे माझं वैयक्तिक मत.

वाचनमात्र
सुरेख. पुढील लेखनाला शुभेच्छा. वाचनखूण साठवली आहे.

शंकासूर
लेख आवडला, पण शेवट फार गोड वाटला. ओलांडल्यावरच ओरडायचं तर तोवर उशीर नाही का झाला? घरात चोर शिरल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याचं काय कौतुक?

अस्तर
@शंकासूर, रास्त प्रश्न. म्हणूनच शरीर वाट बघत बसत नाही, स्वतःहून नमुने आत ओढून घेतं. लहान आतड्याच्या भिंतीत पायर्स पॅचेस नावाचे उंचवटे असतात. योहान पायर यांनी त्यांचं वर्णन १६७७ सालीच करून ठेवलंय. त्यांच्या माथ्यावर एम पेशी असतात. तिथे श्लेष्मा विरळ, पेशींवरची केसाळ झालरही तोकडी. या पेशी पोकळीतून जंतू आणि कण उचलतात आणि खाली बसलेल्या डेंड्रायटिक पेशींच्या हातात देतात. डेंड्रायटिक पेशी रॅल्फ स्टाइनमन यांनी १९७३ साली ओळखल्या. २०११च्या त्याच नोबेलमध्ये तेही होते, पण घोषणेच्या तीन दिवस आधीच वारले. समितीला ते माहीत नव्हतं. नंतर विचार करून पारितोषिक तसंच ठेवलं.

तर या पेशी नमुना टी आणि बी या प्रतिकारक पेशींना दाखवतात, आणि बी पेशी त्या जंतूला अनुरूप प्रतिपिंडं बनवायला शिकतात. हे शांततेच्या काळातही रोज चालू असतं. दार मुद्दाम किलकिलं ठेवण्याचा तोटाही आहेच. साल्मोनेला, शिगेला आणि पोलिओचा विषाणू याच एम पेशींतून आत घुसतात.

डॉ_निशाचर
रात्रपाळीत वाचलं, बरं लिहिलंय. एक मोठी गोष्ट राहिली: जठरातलं आम्ल. आतडं नंतर येतं, पहिली चाळणी ती. निरोगी माणसाला पटकीची लागण व्हायला कोट्यवधी जिवाणू पोटात जावे लागतात, कारण बहुतेक आम्लातच मरतात. स्वयंसेवकांना आम्ल मारणारा सोडा देऊन जिवाणू पाजले तेव्हा त्याच्या कित्येक पट कमी संख्या पुरली. शिगेला आम्लाला दाद देत नाही, म्हणून त्याचे दहा ते शंभर जिवाणूही माणसाला आडवं करतात. आम्लपित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्या घेणाऱ्यांत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि सी. डिफ या जंतूंची लागण जास्त आढळते. गोळी गरजेची असेल तर जरूर घ्या, पण विचारून.

दुसरं, जुलाब हा नुसता आजार नाही, थोडा बचावही आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की लागण झाल्यावर आयएल-२२ हा संदेश अस्तराच्या सांध्यांतलं क्लॉडिन-२ नावाचं प्रथिन वाढवतो. त्यामुळे सांध्यांमधून पाणी पोकळीत येतं आणि जंतू धुतले जातात. हे प्रथिन नसलेल्या उंदरांत जंतू जास्त काळ रेंगाळले. म्हणून ताप आणि रक्त असलेल्या जुलाबात ते थांबवायची गोळी स्वतःहून घेऊ नका. पण पाणी मात्र भरून काढाच. जुलाबात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा पाणी आणि क्षार गेल्याने.

तिरकस
म्हणजे पोट बिघडलं म्हणून ओरडायचं नाही, 'सफाई चालू आहे, असुविधेबद्दल क्षमस्व' असा फलक लावायचा.

डॉ_निशाचर
@तिरकस, पटकीच्या बाबतीत फलक खोटा ठरेल. तिथे सफाई आपली नाही, जंतूची आहे. पटकीचा जिवाणू आत शिरतच नाही, अस्तराला चिकटून विष सोडतो. त्या विषाने पेशीतला सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, क्षार बाहेर पडतात आणि त्यांच्यामागे पाणी. हे विष शंभूनाथ डे यांनी १९५९ साली कोलकात्यात सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या वेटोळ्यांमध्ये दाखवून दिलं. नोबेलच्या तोडीचं काम, पण हयातीत पुरेसं कौतुक झालं नाही.

आकडेमोड
धाग्यात अजून कुणी 'सत्तर टक्के प्रतिकारशक्ती आतड्यात असते' हे वाक्य टाकलं नाही याबद्दल अभिनंदन. तरी कुणीतरी टाकणारच, म्हणून आधीच लिहितो. २०२३ साली शरीरातल्या सगळ्या प्रतिकारक पेशींची मोजदाद प्रसिद्ध झाली. एकूण सुमारे १.८ लाख कोटी पेशी, वजन सुमारे १.२ किलो. त्यातल्या बहुसंख्य अस्थिमज्जा, लसिकाग्रंथी आणि प्लीहा वगैरे ठिकाणी आहेत. आतड्याचा वाटा त्या मानाने लहान. प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी मात्र बहुतांश आतड्यातच. सत्तर टक्क्यांचा आकडा असा प्लाझ्मा पेशींना शोभतो, सगळ्या यंत्रणेला नाही.

तसंच 'आपल्या पेशींच्या दहापट जिवाणू'. २०१६च्या हिशोबाने सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी. म्हणजे जवळपास बरोबरी. सगळ्या जिवाणूंचं वजन पाव किलोही भरत नाही.

आणि 'आतडं उलगडलं तर टेनिस कोर्ट'. २०१४ साली नीट मोजलं तेव्हा अन्नमार्गाचं एकूण अस्तर ३२ चौरस मीटरच्या आसपास निघालं. बॅडमिंटनचं अर्धं कोर्टही पुरतं भरत नाही.

तिरकस
आकडेमोडराव, तुमच्यामुळे माझं टेनिस कोर्ट गेलं. आता पार्टीत काय सांगू?

स्लाइडवाली
मी ऊतींच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर आतड्याचे पातळ काप रंगवायचे आणि बघायचे. लेखात पॅनेथ पेशी एका वाक्यात गुंडाळल्या म्हणून लिहायला बसले. लहान आतड्याच्या कापात बोटांसारखे उंचवटे दिसतात आणि त्यांच्या बुडाशी खोल खड्डे. खड्ड्याच्या अगदी तळाशी नेलं की ठसठशीत गुलाबी-लाल दाण्यांनी भरलेल्या पेशी दिसतात, जणू कुणी डाळिंबाचे दाणे कोंबलेत. त्याच पॅनेथ. दाण्यांमध्ये डिफेन्सिन आणि लायसोझाइम असतात. लायसोझाइम म्हणजे पेनिसिलिनच्या कितीतरी आधी, १९२२ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ज्याबद्दल लिहिलं तेच. डिफेन्सिन जिवाणूच्या आवरणाला भोकं पाडतात. त्यातलं एक, एचडी६, मारत नाही. त्याचे धागे विणले जाऊन जाळं तयार होतं आणि जिवाणू त्यात अडकतो. पॅनेथ पेशींच्या अगदी कुशीत आतड्याच्या मूळपेशी बसलेल्या असतात. ज्यांच्यापासून सगळं अस्तर नव्याने बनतं, त्यांच्या शेजारीच शस्त्रागार! मला तरी हे बघताना दरवेळी छान वाटतं.

आणि श्लेष्म्याच्या दोन थरांबद्दल. ते इतकी वर्षं नजरेतून का सुटले असावेत, माहितीये? आम्ही ऊती टिकवायला सर्रास फॉर्मॅलिन वापरतो. त्यात पाणी असतं, श्लेष्मा आक्रसतो आणि धुऊन जातो. कापात बघाल तर जिवाणू थेट भिंतीला टेकलेले वाटतात. कार्नॉयच्या द्रावणात, म्हणजे अल्कोहोल, क्लोरोफॉर्म आणि ॲसेटिक आम्लात, ऊती टाकली तर थर टिकतो. मग दिसतं की जिवाणू एका बाजूला, पेशी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये स्वच्छ रिकामी पट्टी. २००८ साली स्वीडनच्या गटाने हे चित्र दाखवलं. मी स्वतः पहिल्यांदा दोन्ही काप शेजारी ठेवले तेव्हा आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

अस्तर
@स्लाइडवाली, या प्रतिसादासाठीच धागा काढला होता असं समजा.

दोन_पोरांची_आई
प्रश्न कदाचित बाळबोध असेल. पोलिओचे थेंब पण देतात आणि सुई पण. दोन्ही कशाला?

डॉ_निशाचर
बाळबोध अजिबात नाही. आतड्यातलं मुख्य प्रतिपिंड म्हणजे आयजीए. रोज तीन ते पाच ग्रॅम आतड्यात सोडलं जातं, बाकी सगळ्या प्रकारची प्रतिपिंडं मिळूनही शरीर एवढी बनवत नाही. दोन-दोन रेणू जोडलेले असतात, अस्तराची पेशी त्यांना खालून उचलून वर पोकळीत नेऊन सोडते. ते जंतूला चिकटतं आणि भिंतीला टेकू देत नाही, पण रक्तातल्या प्रतिपिंडांसारखी आग पेटवत नाही. २०१७ साली साल्मोनेलावर एक सुंदर गोष्ट दिसली: जिवाणू दुभंगून वाढत असतो तेव्हा आयजीए त्या जुळ्यांना सुटं होऊच देत नाही. साखळ्या होतात आणि विष्ठेबरोबर निघून जातात. जो जितक्या झपाट्याने वाढेल तितका तोच जास्त अडकतो.

आता तुमचा प्रश्न. सुईने रक्तात प्रतिपिंडं होतात, त्यामुळे विषाणू मज्जासंस्थेपर्यंत पोचत नाही, मूल लुळं होत नाही. पण आतड्यातला आयजीए त्याने फारसा वाढत नाही, म्हणजे विषाणू आतड्यात वाढून विष्ठेतून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. थेंब त्याच वाटेने जातात ज्या वाटेने रोग येतो, म्हणून आतड्यात पहारा बसतो. थेंबांतला दुर्बळ विषाणू क्वचित पुन्हा उग्र होऊ शकतो, तो धोका सुईत नाही. म्हणून दोन्हींचा मेळ. आणि तान्ह्या बाळाला आयजीए आईच्या दुधातून मिळतं. आईच्या आतड्यात तयार झालेल्या पेशी स्तनांत जाऊन बसतात, त्यामुळे ज्या जंतूंशी आईची गाठ पडली त्यांच्याविरुद्धचं प्रतिपिंड बाळाला आयतं मिळतं.

दोन_पोरांची_आई
शेवटचं वाक्य माहीत नव्हतं. मनापासून धन्यवाद.

शंकासूर
बरं, हे सगळं इतकं चोख असेल तर साल्मोनेला जिंकतो कसा?

अस्तर
@शंकासूर, हा माझा आवडता भाग, मुद्दाम राखून ठेवला होता.

आतड्यात मुळात गर्दी आहे. जागा भरलेली, अन्न वाटून घेतलेलं. नव्या जिवाणूला पाय ठेवायला जागा मिळत नाही. हा पहारा आपल्या पेशींचा नाही, रहिवाशांचा. मार्जोरी बोनहॉफ आणि फिलिप मिलर यांनी उंदरांवर दाखवलं होतं की साल्मोनेलाची लागण व्हायला साधारण एक लाख जिवाणू लागतात, पण आधी स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक देऊन रहिवासी मारले की दहाच्या आतही भागतं.

मग अशा भरल्या घरात साल्मोनेला काय करतो? मुद्दाम आग लावतो. पेशींना टोचून दाह ओढवून घेतो. दाहामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि मारण्यासाठी ऑक्सिजनची जहाल रूपं फवारतात. त्या फवाऱ्याने आतड्यातल्या थायोसल्फेटचं टेट्राथायोनेट होतं. आतड्यात ऑक्सिजन जवळपास नसतो, रहिवासी आंबवण्यावर गुजराण करतात. साल्मोनेला मात्र ऑक्सिजनऐवजी टेट्राथायोनेट वापरून श्वसन करू शकतो. म्हणजे आपलाच मारा त्याची शिदोरी होतो, आणि तो बाकीच्यांना मागे टाकून वाढतो. हे २०१० साली उघड झालं. वाचून मी पाच मिनिटं नुसता भिंतीकडे बघत होतो.

शंकासूर
हे भारी आहे. पण मग तुझी 'तू इथवर आलास कसा' ही थिअरी अर्धवट ठरते. तो मुद्दाम पकडला जातोय.

अस्तर
मान्य. पकडणं बरोबर झालं, शिक्षा चोराला मानवली, असं म्हणू. तरी बहुतेक निरोगी माणसांत शेवटी तोच हरतो. काही दिवसांत टी पेशी आणि आयजीए पोचतात.

तिरकस
अँटिबायोटिकचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दोन वर्षांपूर्वी साध्या जुलाबाला एका ठिकाणी तपासणी न करता दोन अँटिबायोटिक लिहून दिली. जुलाब थांबले, आणि तीन आठवड्यांनी जे सुरू झाले ते महिनाभर. सी. डिफ निघालं. तेव्हापासून 'आतड्याचं आरोग्य' लिहिलेली प्रत्येक पुडी माझ्याकडे कुणी ना कुणी सरकवतं. या प्रोबायोटिक कॅप्सूल खरंच काही करतात का?

डॉ_निशाचर
वाईट झालं. रहिवासी गेले की सी. डिफला रान मोकळं मिळतं. पित्ताम्लांचं रूप बदलून त्याची वाढ रोखणारे जिवाणूही त्यातच गेलेले असतात. पुन्हा पुन्हा होणाऱ्या सी. डिफवर निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू रोग्याच्या आतड्यात सोडायचा उपाय आहे. २०१३च्या चाचणीत पहिल्याच वेळेला १६पैकी १३ जण बरे झाले, नुसत्या व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकवर १३पैकी ४. फरक इतका होता की चाचणी मध्येच थांबवली. कॅप्सूलचं म्हणाल तर २०१८ साली एका अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे रहिवासी उलट उशिरा परतले. लहान अभ्यास होता, त्यामुळे कॅप्सूल निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. पण पुडी सरकवणाऱ्यांना एवढं जरूर विचारा: कोणता जिवाणू, कोणत्या आजारासाठी तपासलाय?

आकडेमोड
+१. त्यापेक्षा रहिवाशांना तंतुमय अन्न द्या. ते आंबवून त्यांचं ब्युटिरेट बनतं. मोठ्या आतड्याच्या पेशी त्यावरच जगतात, आणि दाह आवरणाऱ्या नियंत्रक टी पेशीही त्याने वाढतात. उंदरांतला पुरावा चांगला आहे.

शंकासूर
शेवटचा प्रश्न, मग मी गप्प. जंतांचं काय? बोटभर लांबीचा किडा कुठली पेशी गिळणार? त्याला ओळखतं कोण?

अस्तर
गिळत नाहीत, धुऊन काढतात. अस्तरात टफ्ट नावाच्या थोड्या पेशी विखुरलेल्या असतात. त्यांच्यात जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशींतलीच काही यंत्रणा असते. जंत आले की या पेशी आयएल-२५ हा संदेश सोडतात. त्याने खालच्या आयएलसी २ या प्रतिकारक पेशी जाग्या होतात आणि आयएल-१३ सोडतात. त्याने अस्तरात गॉब्लेट पेशी वाढतात, श्लेष्म्याचा पूर येतो, आतडं जोरजोरात आवळतं आणि जंत बाहेर. गंमत म्हणजे आयएल-१३ने टफ्ट पेशीही वाढतात, म्हणजे गजर आणखी मोठा होत जातो.

तिरकस
म्हणजे आतडं चव घेतं? आता जेवताना दोन ठिकाणी दाद द्यावी लागणार.

स्लाइडवाली
दाद नको, पण टफ्ट पेशींची थोडी माफी मागायला हवी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या १९५६ पासून दिसत होत्या. डोक्यावर ताठ झुपका, म्हणून हे नाव. जंतांच्या गजराचं त्यांचं हे काम कळायला २०१६ उजाडलं. माझ्या रोजच्या गुलाबी-जांभळ्या रंगात तर ती शेजारणींसारखीच दिसते, वेगळी काढायला खास खूण लावावी लागते. किती वेळा तिच्यावरून नजर फिरवून पुढची काच लावली असेल मी.